जावयाची झांज

जवळच्याच सिहोऱ्याच्या भजनी मंडळाशी पेटीच्या पट्टीवरून अबोला धरलेले हेमचंद्रराव यंदा गणपतीत साऱ्या जगाला जोडायला निघाले होते. सिव्हिल लाइन्समधल्या मराठी मंडळाच्या हॉलात पडदा लागला, परदेशी गेलेली मुलंबाळं त्यावर झळकली, आणि हेमचंद्ररावांनी अध्यक्षीय भाषण ठोकलं, "संगीताला ना देश, ना भाषा!"

लॅपटॉप सांभाळणाऱ्या त्यांच्या पत्नीने, सरोजिनीबाईंनी, मान खाली घातली. लेक यशश्रीने लिस्बनच्या तियागोशी लग्न केलं, तेव्हापासून हे गृहस्थ जावयाशी चकार शब्द बोलले नव्हते. फोनवर त्याचा आवाज आला की उठून तुळशीला पाणी घालत. तुळस बिचारी कुजून गेली. सरोजिनीबाईंना जगाचं काही पडलं नव्हतं. यांनी जावयाला एकदा हाक मारावी, एवढंच गणपतीकडे मागणं होतं.

आरती सुरू झाली आणि इंटरनेटने घात केला. इथे दुसरं कडवं, तर सिंगापूरला अजून पहिलंच. टोरांटोचे काका तर धृपदातच अडकले.

"अगं, सगळ्यांचे आवाज बंद कर! ताल नासवून राहिले!" हेमचंद्रराव पेटीवरून कडाडले.

सरोजिनीबाईंनी केले. म्हणजे, एक सोडून सगळे. पडद्यावर माणसं नुसतीच तोंडं हलवू लागली, तसे सचिव अंबरीश भैया गहिवरले, "देखिए, पूरा विश्व एक सुर में!"

तेवढ्यात झांज वाजली. ठणठणीत, पण दर वेळी टाळीच्या मागून. पडद्यावर कपाळभर गंध लावलेला तियागो सासूने धाडलेली झांज जीव तोडून वाजवत होता. हॉलात खसखस पिकली.

"काहून मागे राहून राहिला हा?" हेमचंद्रराव पुटपुटले.

"तो बरोबर आहे हो. तुमचंच त्याच्यापर्यंत उशिरा पोचून राहिलं," सरोजिनीबाई म्हणाल्या. त्यांनी बोट बटणावर नेलं. "बंद करू त्याला?"

हेमचंद्ररावांना अबोला वर्षानुवर्षं सोसे. बेतालपणा मात्र घटकाभर सोसत नसे.

"जावईबापू!" ते ओरडले. "जरा लवकर वाजवा!"

यशश्रीने नवऱ्याच्या कानात सांगितलं. पुढची झांज टाळीच्या कितीतरी आधी आली.

"अरे, इतकं लवकर नाही! माझ्याकडे बघा!"

आरती पार विस्कटली. नैवेद्य तसाच राहिला, सरोजिनीबाई पदराने डोळे पुसत राहिल्या, आणि सासरेबुवा जावयाला ताल शिकवत राहिले.