कपाळामागं दारं धरणारा

आमचे मालक रंभाजी शेवगावच्या बाजारातून येताना मोटारसायकलवरून पडले. कपाळ फुटलं ते शिवलं. आतलं कोण शिवणार? नगरच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "आजी, कपाळामागं मेंदूचा एक भाग असतो. कुठला विचार सोडायचा, कुठला राग अडवायचा, ते तो बघतो. त्यालाच मार बसलाय."

"म्हंजी दारं धरणाराच गेला म्हना की," मी म्हणाले. गव्हाचा वाफा भरला की मातीनं त्याचं दार बंद करायचं, पुढच्याचं उघडायचं. हे करणारा माणूस नसला की पाणी मोकाट.

तसंच झालं. जन्मभर तोलून बोललेला माणूस, सरपंचाला तोंडावर लबाड म्हणाला. शेळी व्याली तर हुंदके देऊन रडला.

अशात नातीला, दिशाला, बघायला पाहुणे यायचे ठरले. सून सीमा चाचरत म्हणाली, "आत्याबाई, मामंजींना तेवढा वेळ..."

"पुढं बोलू नको. मला अक्कल हाय."

सकाळीच त्यांना गव्हाला पाणी द्यायला नेलं. धुकं रानावर बसलेलं. ते घोटाभर पाण्यात उभे, मागं बगळे, आणि पाण्यात कोवळं ऊन हलत होतं. फावडं हातात आलं की माणूस पहिल्यासारखा शांत. कुठला वाफा, कुठलं दार, हाताला सगळं ठाऊक. बघता बघता मला वाटलं, आपण आजच नांदायला आलोय आणि ह्या कुणा परक्या गड्याला चोरून बघतोय. पाय निघेना, पण त्यांना तिथंच ठेवून घरी आले.

त्या आठवड्यात विहिरीच्या मोटारीला दुपारपर्यंत लाईट होती, पाणी चालू तोवर ते रानातच. त्या भरवशावर मी निर्धास्त. पाहुण्यांपुढं पोहे ठेवले आणि लाईट गेली. पंखा फिरत फिरत थांबला. थोड्या वेळानं मालक दारात, गुडघ्यापर्यंत चिखल, खांद्यावर फावडं.

"कले, मला लांब ठिवलंस व्हय? तू दिसली न्हाई की भ्या वाटतं मला."

एरवी लेकाच्या नावानं मी 'योगेशची आई'. चारचौघांत माझं नाव त्यांनी कधी घेतलं नव्हतं. ते रडायला लागले. मला घर पाण्याखाली गेल्यासारखं वाटलं, सगळे तोंडं हलवतात आणि ऐकू काही येत नाही.

मुलाची आई, पंकजाबाई, बशी खाली ठेवत म्हणाल्या, "यांना काही त्रास आहे का?"

सीमा डोळ्यांनी खुणावत होती, ताप म्हणा, ताप.

"कपाळाला मार लागलाय," मी म्हणाले. "मनातलं अडत न्हाई, थेट भाईर येतं. लोकांचं आतच कुजतं, त्यापरीस बरं."

मी उठले, त्यांना आत आणून खाटेवर बसवलं आणि सगळ्यांदेखत शेजारी बसले. पदरानं त्यांचं तोंड पुसलं. दिशानं न विचारता त्यांना पोह्यांची बशी दिली. खाता खाता ते मुलाला न्याहाळत म्हणाले, "पोरगं गुणाचं दिसतंय. आई तेवढी जड जाईल."

मुलगा फिसकन हसला. दिशाही. पंकजाबाईंचं तोंड आंबलं. "कळवतो," म्हणून त्या उठल्या.

सीमा भांडी आपटू लागली. मी मालकांना अंगणात उन्हात बसवलं, पाय धुतले.

"कले," ते म्हणाले.

"आनखी एकदा म्हना."

ते म्हणाले. मी हात थांबवून ऐकत राहिले.