तोंडी परीक्षेची जोडी

थोरलीचं लेखी परीक्षेत कधीच अडलं नाही. अडायचं ते तोंडी परीक्षेत. टेबलापलीकडे परीक्षक बसले की एवढी हुशार मुलगी तोंडात मिठाची गुळणी धरल्यासारखी गप्प व्हायची. गेल्या वर्षी अशीच गप्प राहिली आणि पदार्थविज्ञानाच्या शेवटच्या वर्षाला, बाकी सगळ्या विषयांत पहिला वर्ग असताना, तेवढ्या एका परीक्षेत नापास झाली. वर्ष वाया गेलं. आणि एक वर्ष मागे असलेली धाकटी बहीण तिच्याच वर्गात, तिच्याच बाकावर येऊन बसली. ‘कानामागून आली नि तिखट झाली’ ही तोवर थोरलीला नुसती म्हण वाटायची.

त्यात विभागाच्या कारकुनानं आणखी भर घातली. तोंडी परीक्षेला मुलं जोडीजोडीनं आत बोलावतात, आडनावाच्या क्रमानं. “तुम्ही दोघी सख्ख्या बहिणी ना? मग लागोपाठच येणार. म्हणजे जोडी तुमचीच,” तो हसून म्हणाला, जणू बक्षीसच देत होता. “आणि हे बघ, या वेळी पास हो बाई. दुसऱ्यांदा नापास झालीस तर नाव कमी होतं. नियमच आहे तसा.”

धाकटी दर बुधवारी वाचनालयाच्या वरच्या खोलीत एका गटात जायची. विद्यापीठानं कुणा प्रशिक्षक मॅडमना नेमलं होतं. शिकवणी नव्हती ती. अडलेली मुलं गोल करून बसायची, एकानं आपलं अडलेलं सांगायचं आणि बाकीच्यांनी त्याला फक्त प्रश्न विचारायचे. सल्ला द्यायचा नाही, शिकवायचं नाही, ‘माझ्या वेळी कसं झालं’ तर अजिबात सांगायचं नाही.

“तूही जा की,” आई म्हणाली. “हिला किती फरक पडलाय बघ.”

“आंधळ्यानं आंधळ्याला वाट दाखवायची, त्यात मी कशाला?”

“ताई, तिथे वाट कुणीच दाखवत नाही,” धाकटी म्हणाली. “नुसतं विचारतात, तू कुठे उभी आहेस म्हणून.”

उत्तर चांगलं होतं. म्हणूनच ते थोरलीला जास्त झोंबलं. पण नाव कमी व्हायची भीती हेव्यापेक्षा थोडी मोठी निघाली, आणि पुढच्या बुधवारी ती गेली.

खोलीत एकाला एक न जुळणाऱ्या खुर्च्या होत्या. एक ताडासारखा उंच मुलगा होता, त्याला सगळे शिडी म्हणायचे. नोकरी सोडून पुन्हा शिकायला आलेले, केस पिकलेले एक गृहस्थ होते, ते सगळ्यांचे काका. वसतिगृहातल्या दोघी मैत्रिणी होत्या, त्या आळीपाळीनं एकच पेन वापरायच्या. आणि मॅडम, ज्या सगळ्यांत कमी बोलायच्या.

त्या दिवशी पाळी धाकटीची होती. “न वाचलेला प्रश्न आला की माझी पळापळ होते,” ती म्हणाली, आणि सगळे पुढे सरसावून बसले. थोरली तेच बघत राहिली. आपल्याला काही अडलं तर आपण ते पांघरुणाखाली लपवतो, आणि हिच्यासाठी माणसं खुर्ची पुढे ओढतात! अडण्यातसुद्धा ही पहिली.

तिच्या मनात एक चांगलाच टोकदार प्रश्न आला. प्रश्नच तर विचारायचे होते.

“तापमापी गरम पाण्यात बुडवली,” थोरली गोड आवाजात म्हणाली, “की पारा चढायच्या आधी क्षणभर खाली येतो. का?”

हे पाठ्यपुस्तकात नव्हतं. थोरलीनं ते दुसरीकडे कुठंतरी वाचलेलं होतं आणि धाकटीनं वाचलेलं नाही याची तिला खात्री होती.

धाकटी हसली. “अगं, माहीतच नाही! खाली येतो? खरंच?”

बस्स. एवढंच. लाज नाही, शरम नाही.

“गरम पाणी आधी कशाला लागतं?” काकांनी विचारलं.

“काचेला.”

“मग काच काय करेल?” शिडी म्हणाला.

“तापेल. तापली की फुगेल... अरे! म्हणजे आतली जागा वाढते, म्हणून पारा खाली बसतो! आणि मग उष्णता पाऱ्यापर्यंत पोचली की तो काचेपेक्षा जास्त फुगतो आणि वर चढतो!” ती उभीच राहिली. मैत्रिणींनी टाळ्या वाजवल्या. “ताई, काय झकास प्रश्न काढलास गं!”

थोरलीनं खड्डा खणला होता आणि धाकटीला त्यात पाणी लागलं होतं. घरी गेल्यावर आईनंही पाठ थोपटली, “बहिणीला मदत केलीस म्हणे.” थोरलीला जेवण गेलं नाही.

पुढच्या बुधवारी तिची पाळी आली. ती बसली आणि अर्थातच गप्प झाली. कुणी घाई केली नाही. तेही तिला अवघडच वाटलं.

“गप्प होतेस तेव्हा उत्तर येत असतं का?” शेवटी काका म्हणाले.

“येत असतं. जवळजवळ.”

“राहिलेल्याचं काय करतेस?”

“पूर्ण व्हायची वाट बघते.”

“आणि वाट बघताना बघतेस कुठे?” शिडीनं सहज विचारलं.

या प्रश्नाचं उत्तर तिला अगदी पूर्ण येत होतं. म्हणून ते तोंडातून निसटलं. “शेजारी. तिचं झालंय का ते.”

आता थांबण्यात अर्थ नव्हता. “गेल्या वर्षी शेजारी दुसरी होती. या वर्षी ही आहे,” तिनं धाकटीकडे न बघता हात केला. “मला हिचा हेवा वाटतो. ही माहीत नाही म्हणते आणि लोक टाळ्या वाजवतात.”

“अर्धंच उत्तर बोलून दाखवलंस तर काय बिघडेल?” मॅडमनी विचारलं.

“हिला कळेल, मला अर्धंच येतं.”

धाकटीचा चेहरा पडला होता. तरी तिनं नियम पाळला. “मला तरी कुठं पूर्ण येतं?”

“प्रश्न आहे! नियमात बसतो!” शिडी ओरडला आणि सगळे हसले. थोरलीसुद्धा, इच्छा नसताना.

त्यानंतर दर बुधवारी दोन खुर्च्या शेजारी शेजारी मांडून सराव सुरू झाला. येईल तेवढं मोठ्यानं बोलायचं आणि जिथे संपेल तिथे ‘इथवर येतं’ म्हणायचं. थोरली ते म्हणायला शिकली. हेवा मात्र होता तिथेच होता. फरक एवढाच की तो आता सगळ्यांना ठाऊक होता, त्यामुळे लपवायचे कष्ट वाचत होते.

परीक्षेत परीक्षकांनी पहिला प्रश्न तिलाच टाकला. साबणाचा पापुद्रा फुटायच्या आधी वरच्या बाजूला काळा का दिसतो?

तिचे डोळे शेजारी वळणारच होते. तिनं बोलायला सुरुवात केली. “पापुद्रा तिथे फार पातळ होतो. त्याच्या पुढच्या आणि मागच्या पृष्ठभागावरून परतणाऱ्या लहरींच्या वाटेत फरक उरत नाही. इथवर मला येतं. पण मग तिथे उजेड दिसायला हवा, आणि दिसतो काळोख. म्हणजे एक लहर कुठेतरी उलटत असणार.”

“कुठे?”

“पुढच्या पृष्ठभागावर. ती हवेतून येऊन साबणावर आपटते, म्हणून उलटते. मागची साबणातून येऊन हवेवर आपटते, ती उलटत नाही. मग दोघी एकमेकींना पुसून टाकतात.”

परीक्षकांनी मान डोलावली. तेव्हा कुठे तिनं शेजारी पाहिलं. धाकटी ओठ घट्ट मिटून तिच्याकडे बघत होती, आणि ती नजर थोरलीला ओळखायला क्षणही लागला नाही.

संध्याकाळी निकाल कळला. दोघी पास.

“जास्त कुणाला?” आईनं विचारलंच.

“तिला,” धाकटी म्हणाली आणि खोलीत निघून गेली. जाता जाता पुटपुटली, “तो पापुद्र्याचा प्रश्न मला विचारायला हवा होता. आला असता मला.”

थोरलीनं दोन कप चहा केला, एक धाकटीपुढे ठेवला आणि तिच्या पलंगावर टेकली. तिला धाकटीचं वाईट वाटत होतंच, कारण कुठं दुखतं ते तिच्याइतकं कुणाला ठाऊक असणार? पण खोटं कशाला सांगा, चहा त्या दिवशी फार गोड लागला.