अर्ध्या सेकंदात न मावणारी शिंक

मी एक जुनी शिंक आहे. हसू नका मित्रांनो, शिंकेलाही घर असतं, माणसं असतात आणि म्हातारपणही असतं. मी एका आत्याच्या नाकातून जन्मले आणि सध्या तिच्या भाचीच्या संगणकात राहते.

आत्याचं शिंकणं म्हणजे साधंसुधं प्रकरण नव्हतं. आधी ती अख्ख्या घरातली हवा गोळा करायची. आ करून तोंड उघडायची, डोळे मिटायची आणि थांबायची. इतकी थांबायची की पाहुण्यांना वाटायचं, झालं, गेली वाटतं परत. आणि मग! माझ्या एका थोरल्या बहिणीनं समोरच्या गच्चीवरची चादर उचलून पार मागच्या गल्लीत वाळत घातली होती. दुसरीनं शेजाऱ्यांचं बंद पडलेलं घड्याळ सुरू केलं. खोटं वाटत असेल तर घड्याळालाच विचारा, अजून चालतंय.

भाचीला घरात सगळे भिंगरी म्हणतात, कारण तिचा पाय एका जागी ठरत नाही. शाळेत असताना तिला एक माइक मिळाला. मग काय, दिसेल त्याच्यापुढे तो धरायचा. नळ झाला, कुलूप झालं, बाबांचं घोरणंही झालं. एका दुपारी आत्या गाद्या झटकत होती. तिनं आ केला मात्र, भिंगरीनं धावत येऊन बटण दाबलं. आधी आत्याचा तो लांबलचक श्वास, कान देऊन ऐकावा लागेल इतका हलका, आणि त्याच्या मागून मी. अशी पकडले गेले मी.

मग तिनं मला सॅम्पलरमध्ये बसवलं. सॅम्पलर म्हणजे संगणकातली एक जादूची पेटीच समजा. तिला एक आवाज द्यायचा, की तो पियानोच्या प्रत्येक पट्टीवर वेगळा होऊन येतो. वरच्या पट्टीवर मी उंदराची शिंक व्हायचे, खालच्या पट्टीवर डोंगराची. आल्यागेल्याला एकेक पट्टी दाबायला मिळायची. दाबली की सगळे टक लावून बसायचे, आणि मी आले की पोट धरधरून हसायचे. काय लाड होते माझे तेव्हा!

पण भिंगरी मोठी झाली, नाटकांना आवाज देऊ लागली. तिच्याकडे पोत्यांनी आवाज आले. संगणक बदलताना माझं नावही हरवलं, नुसते आकडे उरले. आवाजांच्या यादीत माझ्या वरच्या ओळीत एक फुटकी काच राहायला आली, खालच्या ओळीत एक कुत्रा. दोघंही महाउतावळे. बोट लागायच्या आत 'खळ्ळ', बोट लागायच्या आत 'भो'!

त्यांचंच फावलं बरं का, कारण भिंगरीची ऐकायची रीतच तशी झाली होती. यादीत एखाद्या आवाजावर आलं की तो आपोआप वाजतो. खालचा बाण दाबला की पुढचा. ती तो बाण असा दाबायची, जसा काही पाठीमागे वाघ लागलाय. अर्ध्या सेकंदात आवडला तर त्याच्या नावापुढे पसंतीची चांदणी, नाहीतर चला पुढे. आणि माझ्या अर्ध्या सेकंदात काय असणार? आत्यानं नुसतं तोंड उघडलेलं! "मुका दिसतोय," असं म्हणून ती निघून जायची. मी आपली तोंडातल्या तोंडात राहायचे.

त्यातच डॉक्टरांनी आत्याच्या नाकातलं वाकडं हाड सरळ केलं. आता ती शिंकते म्हणजे 'फिस्'. शेजारच्या माणसालाही पत्ता लागत नाही. तिची खरी शिंक म्हणून जगात मी एकटीच उरले.

एक दिवस भिंगरीला मुलांच्या नाटकासाठी राक्षसाची शिंक हवी होती. संगणकात जागा उरली नव्हती, म्हणून शोधता शोधता मुके आवाज ती पुसूनही टाकत होती. कायमचे. शेजारी आत्या उसवलेली उशी शिवत बसली होती.

"अगं, आज बँकेत काय झालं माहितेय..."

"रांग मोठी होती." टक, टक, टक.

"रांग नव्हतीच मुळी. तो दारावरचा शिपाई..."

"झोपला होता." टक, टक.

"बाई गं, माझं वाक्य तरी माझ्याकडे राहू दे!"

इतक्यात काच खळ्ळकन वाजली. पुढचा नंबर माझा. मी जीव खाऊन श्वास घेतला. अर्धा सेकंद संपला. भिंगरीनं मला बंद केलं आणि तिचं बोट पुसायच्या बटणाकडे निघालं.

"थांब!" आत्यानं तिचं मनगटच धरलं.

"आत्या, रिकामी फाईल आहे ती."

"रिकामी कशी? कुणीतरी श्वास घेतंय."

"पंखा असेल गं."

"पंखा? जन्मभर हा श्वास घेतलाय मी, आणि तू मला शिकवतेस? पुन्हा लाव. आणि हात इकडे दे."

आत्यानं तिचा हात उशीखाली दाबून धरला. श्वास सुरू झाला. भिंगरीचं बोट उशीखाली वळवळत होतं. श्वास आणखी वर चढला, आणखी थोडा वर...

आणि मी आले! स्पीकर टेबलावर वीतभर उडाले. आत्याचा चष्मा ओठांवर आला. खालच्या ओळीतला कुत्रा त्या दिवसापासून परवानगी मागून भुंकतो.

आत्यानं हळूच नाकाला हात लावला. "केवढी होते गं मी!" ती म्हणाली.

भिंगरीनं तिच्या खांद्यावर डोकं ठेवलं. हसत होती की रडत होती, मला यादीतून नीट दिसलं नाही. जरा वेळानं म्हणाली, "सांग ना आत्या, बँकेत काय झालं?" आणि संगणक बाजूला सारून शेवटपर्यंत ऐकत बसली.

आता मला माझं नाव आहे, चांदणी आहे, आणि माझी एक जुळी बहीण, म्हणजे माझी नक्कल, दुसरीकडे जपून ठेवलीय. मित्रांनो, तुमच्याही फोनमध्ये घरच्या माणसांचे आवाज पडले असतील. त्यांना नावं द्या, आणि पुसायच्या आधी एकदा पूर्ण ऐका. गप्प वाटणारा प्रत्येक जण रिकामा नसतो. कुणी नुसता श्वासही घेत असतो.

बरं, तिकडे नाटकाचा पडदा उघडतोय आणि भिंगरीचं बोट सगळ्यात खालच्या पट्टीवर आहे. पहिल्या रांगेतल्यांनी आपापल्या टोप्या घट्ट धरा बघू!