खरा हिरवा

"अहो, हा चमचा आपल्या घरातला आहे!" मी ओरडले, पण तोवर चमच्याची पाठ हिरवी होऊन गेली होती.

"प्लॅस्टिकचे संपले," हे मान वर न करता म्हणाले. "धुतल्यावर निघेल."

"मागच्या खेपेलाही हेच म्हणाला होतात. तो चमचा अजून सैन्यात आहे."

त्यावर हे हसलेसुद्धा नाहीत. ब्रश पुसला, चमचा उचलला आणि बाल्कनीत जाऊन कुंडीत रोवला. त्या कुंडीत मी कधी काळी गुलाब लावला होता. आता तिथे चमच्यांचं पीक आलं होतं, आणि रंग जमतोय का ते बघायला प्रत्येक चमच्याच्या पाठीवर वेगळा हिरवा लावलेला होता. मला विचाराल तर सगळे सारखेच. ह्यांना विचाराल तर एकात पिवळा जास्त, एकात काळा कमी, आणि एक तर चक्क दुसऱ्याच देशाच्या सैन्यातला.

हे दात बनवतात. म्हणजे दातांच्या डॉक्टरांसाठी कवळ्या आणि कॅपा करणाऱ्या लॅबमध्ये कारागीर आहेत. डॉक्टरांकडे माणूस येतो, ह्यांच्याकडे नुसतं त्याच्या तोंडाचं माप. त्या मापाला दात बसवायचा आणि शेजारच्या दाताशी त्याचा रंग असा जुळवायचा, की हसणाऱ्यालाही आपला खोटा दात कुठला ते आठवू नये. पांढऱ्याचे किती प्रकार असतात ते मला लग्नानंतर कळलं. खरं तर लग्नातच कळायला हवं होतं, कारण आमच्या लग्नाच्या फोटोंत हे माझ्या डोळ्यांत बघत नाहीत, दातांकडे बघतात.

घरी आलं की मात्र पांढऱ्याला सुट्टी. मग लष्करी गाड्यांची मॉडेलं. रणगाडे, ट्रक, जीप, सगळं तळहातावर मावेल एवढं. खोक्यावर छापलेला रंग ह्यांना कधीच पटत नाही. "खोकं विकायला छापतात, खरं दाखवायला नाही," म्हणतात. शिवाय गाडी लहान केली की रंगही थोडा फिका करायचा असतो म्हणे, लांबून बघितल्यासारखा. आणि ट्यूबलाइटखाली रंग कधी ठरवायचा नाही, ट्यूबलाइट खोटं बोलते. मी कपडे शिवते, दोऱ्याचा रंग मीही दारात जाऊन उजेडातच जुळवते, म्हणून एवढं मला पटतं. बाकीचं मी या कानाने ऐकते आणि त्या कानाने सोडून देते.

पण ही गाडी वेगळी होती. ही माझ्या सासऱ्यांची अॅम्ब्युलन्स होती.

सासरे लष्करात अॅम्ब्युलन्सचे ड्रायव्हर. लढाईत त्यांच्या गाडीवर गोळा पडला आणि गाडी जळून गेली, तेव्हा हे सासूबाईंच्या पोटात होते. सासऱ्यांचे मित्र, दुसऱ्या अॅम्ब्युलन्सचे ड्रायव्हर, बातमी घेऊन घरी आले ते पत्र्याचा एक तुकडा घेऊनच. गाडीच्या दाराचा, हाताच्या पंजाएवढा, एका कडेला भाजून फुगलेला. नवऱ्याचं म्हणून सासूबाईंकडे परत आलं ते तेवढंच. ते मित्र दर वर्षी येत राहिले. आम्ही त्यांना काका म्हणतो. ह्यांना सायकल काकांनी शिकवली, लॅबमध्ये पहिल्यांदा चिकटवलं तेही काकांनीच.

सासूबाईंनी तो पत्रा कपाटात जपला आणि त्याच्याबरोबर राग जपला. "लाल क्रॉस होता गाडीवर," त्या म्हणायच्या. "पांढऱ्यावर लाल, आंधळ्यालाही दिसेल एवढा. तरी मारलं मेल्यांनी. जनावरंसुद्धा असं करत नाहीत." घरात येणाऱ्या प्रत्येकाला त्या हे सांगायच्या. सिलिंडर आणणाऱ्यालाही सांगून झालं होतं. एवढं वैधव्य, एकटीने वाढवलेलं पोर, सगळं त्यांनी त्या एका रागावर रेटलं. मला ऐकून ऐकून कंटाळा यायचा, पण ते खोटं असेल असं कधी मनातही आलं नाही.

सासऱ्यांचं कौतुक करायची मात्र त्यांची तऱ्हा निराळी होती. "कसला तो माणूस! दारात कुणी नकोसा आला की मी म्हणायची, घरी नाहीत. की हा आतून ओरडायचा, 'आहे, आहे!' जीव द्यावासा वाटायचा मला. अगं, संसाराला मिठाएवढं तरी खोटं लागतंच, तेवढंही याला कधी जमलं नाही."

आता गावातल्या वाचनालयाच्या हॉलमध्ये लढाईच्या आठवणींचं प्रदर्शन भरणार होतं, आणि तिथे काचेच्या पेटीत ह्यांनी केलेली अॅम्ब्युलन्स ठेवायचं ठरलं होतं. सासूबाई रोज टेबलाशी येऊन बघायच्या.

"क्रॉस मोठा काढ हं. लांबून दिसला पाहिजे. कळू दे लोकांना."

"जेवढा होता तेवढाच काढीन, आई."

"होता तेवढा पुष्कळ मोठा होता."

क्रॉसचं काही अडलं नव्हतं, अडलं होतं ते हिरव्याचं. कुंडीतला एकही हिरवा त्या पत्र्याशी जुळेना. शेवटी एका रविवारी दुपारी ह्यांनी सासूबाईंना विचारून पत्रा बाहेर काढला. वरचा रंग वयाने विटतो, खरा रंग त्याच्या जरा खाली असतो. म्हणून एका कोपऱ्यात, नखाएवढ्या जागेत, पाणी लावून बारीक पॉलिशपेपरने हलकेच घासायचं. जुन्या गाड्यांचा रंग शोधायची ह्यांच्यासारख्या वेड्यांची ही रीतच आहे. मी शेजारी बसून एका सदऱ्याला बटणं लावत होते.

"अगं," हे म्हणाले.

"काय?"

"लाल."

मी वाकून बघितलं. हिरव्याच्या मधोमध लाल ठिपका. मला वाटलं ह्यांचं बोटच कापलं. पण हे एकदम खूश झाले. "क्रॉसचा तुकडा आहे हा! इतकी वर्षं घरात क्रॉसचाच तुकडा होता आणि आपल्याला पत्ता नाही!" त्यांनी आणखी थोडं घासलं. लालाखाली पांढरा निघाला. पांढऱ्याखाली पुन्हा हिरवा, मग प्रायमरचा तांबूस, मग पत्रा. हे भिंग लावून बघत राहिले, आणि बघता बघता त्यांचा चेहरा उतरला.

"काय झालं हो?"

"हा वरचा हिरवा. हा क्रॉसच्या वर आहे."

"मग?"

"मग क्रॉस झाकलेला होता."

नंतर कुणीतरी रंगवलं असेल, मी म्हटलं. गंजू नये म्हणून काकांनीच एक हात मारला असेल. ह्यांनी पत्र्याची भाजलेली कड माझ्यासमोर धरली. तिथे तो वरचा हिरवाच फोड आल्यासारखा फुगला होता, काळा पडला होता. आग लागली तेव्हा तो रंग आधीच लागलेला होता. आणि तो कारखान्यातला सफाईदार रंगही नव्हता. हाताने, घाईघाईने फासलेला होता. त्यात ब्रशचा एक केस अडकून राहिला होता.

माझ्या हातातलं बटण खाली पडलं आणि ते उचलायचं मला सुचलं नाही. ज्यांना आम्ही या घरात आजवर जनावरं म्हणत आलो, त्यांना क्रॉस दिसलाच नव्हता.

"आईंना सांगू नका," मी कशीबशी म्हणाले.

"काय सांगू नका?"

दारात सासूबाई उभ्या होत्या. दुपारच्या झोपेने केस विस्कटलेले, पण कान नेहमीसारखे तिखट. आता ह्यांना थाप मारता आली असती तर प्रश्नच नव्हता. पण बापाचं नेमकं तेवढंच उतरलंय. ह्यांनी सगळं सांगितलं, भिंगसुद्धा पुढे केलं.

सासूबाईंनी भिंग ढकललं आणि पत्रा हिसकावून घेतला. "घासून घासून तूच काहीतरी करून ठेवलंस! अरे, अॅम्ब्युलन्सचा क्रॉस कुणी झाकेल का? कुणाची अक्कल गहाण पडली होती? बोलाव त्यांना. उद्याच्या उद्या."

काका दुसऱ्या दिवशी आले. फोनवर ह्यांनी एवढंच म्हटलं होतं, आईने बोलावलंय. टेबलावर पत्रा ठेवलेला होता. काकांची नजर त्या लाल ठिपक्यावर गेली, आणि त्यांनी खुर्चीची पाठ घट्ट धरली.

"कुणी रंगवलं हे?" सासूबाईंनी विचारलं. बसा नाही, पाणी नाही.

"त्यानेच," काका म्हणाले.

सासऱ्यांनी स्वतः? मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. ह्यांनी माझ्याकडे बघितलं, त्यांनाही तसंच वाटलं असणार.

"वहिनी, पुढच्या चौकीवरचे तोफगोळे संपले होते. ट्रक दिसला की समोरचे तो उडवत होते, एकही पोचत नव्हता. साहेब म्हणाले, अॅम्ब्युलन्समधून न्या. क्रॉसला ते हात लावत नाहीत."

"हात लावत नाहीत?"

"नव्हते लावत. एकदाही नाही."

सासूबाईंनी पत्रा स्वतःकडे ओढला. मी पुढे झाले तर मला हातानेच थांबवलं.

"तो म्हणाला, गोळे नेतो, पण क्रॉस लावून नेणार नाही. आज याच्याखाली गोळे नेले तर उद्या आत जखमी असतील तेव्हा कोण विश्वास ठेवील? साहेब भडकले. तर म्हणाला, नेणार नाही असं कुठे म्हटलं मी? आणि रंगाचा डबा घेऊन आला. मी म्हटलं, अरे, वेडबिड लागलंय का तुला? मला म्हणाला, बडबडू नकोस, डबा धर."

"आणि तुम्ही धरलात."

"धरला."

मग ह्यांनी एक प्रश्न विचारला, जो आमच्यापैकी कुणालाही सुचला नव्हता. "काका, तुमची गाडी कुठे होती?"

"त्याच्या मागेच."

"गोळे होते?"

"होते."

"आणि क्रॉस?"

काका खिडकीकडे बघायला लागले. "माझ्या गाडीवर क्रॉस तसाच होता, बाळ. मला नाही जमलं झाकायला. त्याची गाडी पेटली, मी तिच्या शेजारून गेलो. मला त्यांनी जाऊ दिलं. गोळे पोचवून मी त्याच रस्त्याने परत आलो."

याच माणसाने ह्यांच्या सायकलीमागे धावत धावत ह्यांना तोल शिकवला होता. त्यांचा तिरस्कार करावा की पाया पडावं, मला काहीच कळेना.

"मी विचारलं होतं तुम्हाला," सासूबाई म्हणाल्या. "याच घरात. त्यांना क्रॉस दिसला नाही का, म्हणून."

"विचारलं होतं."

"काय म्हणालात?"

"दिसला असेल, म्हणालो. तुमचे दिवस भरत आले होते, वहिनी. माझी जीभच उचलेना."

सासूबाई खाली बसल्या. मला वाटलं आता त्या काकांना घराबाहेर काढतील. पण त्या चिडल्या सासऱ्यांवर. "घरी बायको आहे, पोर येतंय, एवढं तरी मनात आलं का या माणसाच्या? एकदा, फक्त एकदा गप्प बसायला काय झालं होतं!" आणि त्या रडल्या. इतक्या वर्षांत मी त्यांना संतापलेलं शंभरदा बघितलं होतं, रडताना कधीच नाही.

काका चपला शोधू लागले. "येतो. आता पुन्हा तोंड नाही दाखवणार."

"बसा," सासूबाई म्हणाल्या. डोळे पुसून त्या ह्यांच्याकडे वळल्या. "रस्त्यावर गाड्या दोन होत्या ना? मग दोन कर."

"आई?"

"खरं करायचंय म्हणतोस ना? मग पुढे झाकलेली, आणि मागे यांची, क्रॉसवाली. आणि तुझा तो हिरवा कुठला, ते यांनाच विचार. डबा यांनी धरला होता."

हे काकांना बाल्कनीत घेऊन गेले. काका कुंडीसमोर कितीतरी वेळ उभे होते. मग त्यांनी एक चमचा उपटला, नेमका माझा घरातला. "हा. पण याहून काळपट. रंग पुरेना म्हणून आम्ही त्यात इंजिनाचं जुनं तेल ओतलं होतं." म्हणजे बाजारातल्या कुठल्याच बाटलीत तो हिरवा मिळणार नव्हता. हे इतके दिवस तोच शोधत होते.

ह्यांनी दोन्ही गाड्या केल्या. पुढच्या गाडीवरही आधी कारखान्याचा हिरवा दिला, वर पांढरा चौकोन, आणि चिकटपट्ट्या लावून नेटका लाल क्रॉस काढला. तो पुरता वाळू दिला. मग काकांच्या हिरव्यात ब्रश बुडवला.

"अहो, झाकायचाच होता तर एवढा काढलात कशाला?" मी विचारलं. "कुणाला दिसणार आहे?"

"कुणाला नाही," हे म्हणाले, आणि त्यांनी तो घाईघाईने, हाताने फासला. घाईचा रंग घाईनेच द्यावा लागतो, म्हणाले. ब्रश ठेवला तेव्हा त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं.

वाचनालयातली काचेची पेटी लावायला आम्ही चौघं गेलो. काकांची गाडी ह्यांनी आधी ठेवली. दुसरी ठेवणार तेवढ्यात सासूबाईंनी हात पुढे केला. गाडी तळहातावर घेतली आणि दुसऱ्या हाताचं बोट तिच्या दारावरून हळूहळू फिरवलं. चिकटपट्टीच्या जागी रंगाची केसाएवढी कड राहते, ती हिरव्याखालूनही हाताला लागते. बोट आडवं गेलं, थांबलं, मग उभं गेलं.

"आहे," सासूबाई पुटपुटल्या. "आहे, आहे."

आणि त्यांनी ती गाडी आपल्या हाताने काकांच्या गाडीच्या पुढे ठेवली.