सहावा उतारा

कर्णिक सरांनी फळ्यावरची ‘कर्तव्यनिष्ठा’, ‘संयम’ आणि ‘त्याग’ ही तिन्ही उत्तरे एकेक करून पुसली आणि हात झटकत ते वर्गाकडे वळले.

“हे शब्द गाइडातले आहेत. कुठल्याही उताऱ्याला चिकटतात, म्हणजे कुठल्याच उताऱ्याचे नाहीत. एका उताऱ्याची मध्यवर्ती कल्पना एका वाक्यात सांगायला मी तुम्हाला शिकवलं. आज पाचही उतारे शेजारी शेजारी ठेवा. त्यांत परत परत काय येतं ते शोधा. त्याला आशयसूत्र म्हणतात. आणि प्रत्येक विधानाला पुरावा हवा.”

लोअर परळच्या त्या मराठी शाळेत दहावीला एकोणीस मुले उरली होती. त्यांच्या सरावाचे उतारे सर स्वतः लिहीत. बाजारात मिळणाऱ्या उताऱ्यांची वाक्ये त्यांना लुळी वाटत, आणि या मुद्द्यावर ते मुख्याध्यापिकांशी तर भांडलेच होते, पण एकदा ठाकूरद्वारच्या पुस्तकविक्रेत्याशीही गिऱ्हाइकांदेखत अर्धा तास हुज्जत घालून आले होते. गेल्या तीन आठवड्यांत त्यांनी पाच उतारे लिहिले होते. वाईट बातमीची तार खिशात घेऊन गावभर हिंडणारा पोस्टमन. दुरुस्त न होणारे घड्याळ ‘आठ दिवसांनी या’ म्हणत ठेवून घेणारा कारागीर. गिरणी बंद होणार हे ठाऊक असूनही नेमाने भोंगा वाजवणारा कामगार. वादळाची खूण दिसूनही गप्प राहिलेला दीपगृहाचा रखवालदार. आणि आंधळ्या शेजारणीला तिच्या मुलाची न आलेली पत्रे वाचून दाखवणारा एक पेन्शनर.

“सर, पाचही उताऱ्यांत म्हातारे आहेत,” हितेंद्र बसल्या जागेवरून म्हणाला. “आणि एकाकडे पण मोबाइल नाही.”

वर्ग हसला. निरीक्षण अचूक असले तरी त्यातून निष्कर्ष निघत नाही, असे सरांनी त्याला सुनावले. मग तिसऱ्या बाकावरची अपेक्षा घाग उभी राहिली. तिच्या हातातल्या पाचही कागदांवर पेन्सिलीच्या रेघा होत्या.

“सर, प्रत्येकात एका माणसाला काहीतरी वाईट कळलंय. आणि ते ज्याला सांगायला पायजे, त्यालाच तो सांगत नाहीये.”

“पुरावा?”

तिने पाच ओळी वाचून दाखवल्या. एकही ओळ चुकीची नव्हती. सरांचा हात खडूच्या डबीकडे गेला आणि तिथेच राहिला. हे उतारे कर्तव्याविषयी आहेत, असे त्यांना आत्तापर्यंत प्रामाणिकपणे वाटत होते.

“बरं. मग मध्यवर्ती कल्पना सांग. एका वाक्यात.”

“न सांगणं म्हणजेच माया, असं लेखकाला वाटतं,” अपेक्षा म्हणाली. “पण...”

“पण काय? वाक्य पुरं कर.”

“पण ज्याला सांगायचंय, त्याला लेखकाने एक पण वाक्य दिलेलं नाही, सर. त्या आजी, ते घड्याळ घेऊन आलेलं गिऱ्हाईक, सगळे नुसते ऐकतात. तुम्हाला काय वाटतं म्हणून त्यांना कोणी विचारतच नाही.”

उताऱ्याला शब्दमर्यादा असते, असे सर सवयीने म्हणाले. ते खरे होते आणि उत्तर म्हणून निरुपयोगी होते. अपेक्षाने मान हलवली, पण ती पटल्याची नव्हती. तास संपायला बारा मिनिटे असताना सरांनी मुलांना मूकवाचन करायला सांगितले. बत्तीस वर्षांच्या नोकरीत असे त्यांनी कधी केले नव्हते.

तीन आठवड्यांपूर्वीच्या शुक्रवारी परळच्या रुग्णालयात डॉक्टरीणबाईंनी त्यांना आत बोलावून घेतले होते. त्यांच्या पत्नीच्या, लतिकाच्या, पोटातली गाठ साधी नव्हती. ती यकृतापर्यंत पोचली होती. “तिला इतक्यात काही बोलू नका, मी सांगतो,” असे सरांनी हात जोडून विनवले. बाईंनी त्यांच्याकडे जरा वेळ पाहिले आणि उपचार सुरू व्हायच्या आत दोघांचे बोलणे झाले पाहिजे, एवढेच त्या म्हणाल्या. येत्या सोमवारी उपचार सुरू व्हायचे होते. त्या दिवशी लतिकाला एका छापील कागदावर सही करायची होती आणि त्या कागदावर रोगाचे नाव स्वच्छ लिहिलेले होते. मधे दोन दिवस उरले होते. सर रोज ठरवत: सकाळच्या चहाला, देवळातून परतताना, तिला गोळी देताना. वाक्य मनात बांधून तयार असे. तिने वर पाहिले की ते मोडून पडे, आणि सर तिला सांगून ठेवलेल्या अल्सरच्या पथ्याविषयी बोलू लागत.

ते घरी आले तेव्हा लतिका मेथी निवडत होती. तिच्या मनगटातल्या बांगड्या कोपरापर्यंत मागे सरकल्या होत्या.

“आज लवकर?”

“उतारा सांगायचा आहे.”

तिने मेथी बाजूला सारली, हात पुसले, चष्मा लावला आणि कागदांचे पॅड मांडीवर घेतले. सरांचे अक्षर कुणाला लागत नसे. लग्न झाल्यापासून त्यांचा प्रत्येक उतारा तिच्याच अक्षरात शाळेत जाई. सर खिडकीशी जाऊन पाठमोरे उभे राहिले. खाली वाडीत कुणीतरी स्कूटर सुरू करण्याचा पुन्हा पुन्हा प्रयत्न करत होते.

“घे. ‘एका शुक्रवारी परळच्या रुग्णालयात एका गृहस्थाला डॉक्टरांनी आत बोलावले. त्याची पत्नी तेव्हा रक्त तपासायला गेली होती.’”

पेन चालत होते. त्याचा आवाज त्यांना स्पष्ट ऐकू येत होता.

“‘तिथे त्याला जे सांगण्यात आले, ते त्याने पत्नीला सांगितले नाही. कारण...’”

पुढे काही येईना. या कारणावर ते कुठल्याही सभेत तासभर बोलू शकले असते. त्यांनी खिडकीचा गज धरला. स्कूटर एकदाची सुरू झाली आणि निघून गेली.

“‘कारण’ खोडू का?” लतिकाने विचारले.

“खोड.”

तिने खोडले. मग मान वर न करता ती म्हणाली, “आणि वाराची चूक झालीय. शुक्रवार नव्हता.”

“शुक्रवारच होता. मला पक्कं...”

“तुम्हाला शुक्रवारी सांगितलं. मला आदल्या दिवशी. तुम्ही औषधांच्या रांगेत होतात तेव्हा.” तिचा आवाज नेहमीचाच होता. “मीच म्हटलं बाईंना, ह्यांना तुम्ही सांगा. माझ्याच्याने व्हायचं नाही. मग तुमच्या बोलण्याची वाट बघत बसले.”

सर वळले. लतिकाने नवे पान काढले, पॅड त्यांच्यापुढे सरकवले आणि त्यावर पेन ठेवले.

“बसा,” ती म्हणाली. “आता मी सांगते. तुम्ही लिहा.”

ते तिच्यासमोर जमिनीवर बसले. तिने पहिले वाक्य सांगितले. ते लहान होते. दुसरे त्याहून लहान. सरांचे अक्षर ओळ सोडून खाली खाली उतरत होते.

“हळू सांग,” ते म्हणाले.