सातव्या दिवसाचा रकाना

"आजपासून या शाळेत विज्ञानाचं नवं युग सुरू होत आहे, आणि ते आणणार आहेत आपल्या मुली!" अशी घोषणा मुख्याध्यापक यज्ञेश्वर सरांनी केली आणि युग सुरू करण्यासाठी प्रयोगशाळेची किल्ली मागवली.

किल्ली कारकुनाकडे होती आणि कारकून मेहुणीच्या साक्षगंधाला दिग्रसला गेला होता. तेव्हा युगाचं उद्घाटन कुलपासमोरच झालं. नारळ पायरीवर फुटला, हार कुलपाला घातला, नव्वद मुलींनी टाळ्या वाजवल्या. वर कापडी फलक होता : 'मुलींनो, प्रश्न विचारा!' त्याखाली दुप्पट मोठ्या अक्षरांत देवीलालजींच्या कृषी केंद्राचं नाव होतं. फलक त्यांनीच दिला होता, विज्ञान सप्ताहाची ढालही तेच देणार होते. बियाणं, खत आणि फवारणीची औषधं विकणाऱ्या माणसाला विज्ञानाची कदर असतेच.

दहावीतल्या ममताला कुलपाचं काही विशेष वाटलं नाही. तिची चुलत बहीण प्रियंका ही प्रयोगशाळा एकदाही आतून न पाहता विज्ञानात अठ्ठ्याऐंशी मार्क घेऊन पास झाली होती. शाळेची रीतच तशी होती. मागच्या वर्षीच्या मुलीची प्रयोगवही आणायची आणि उतरवून काढायची. अकरा वर्षं या शाळेत पाणी अठ्ठ्याण्णव पूर्णांक पाच अंशांना उकळत होतं. एका मुलीनं चुकून शंभर लिहिलं, तर तिचे दोन मार्क गेले. मात्र निरीक्षणाचा रकाना रिकामा दिसला की सर मार्क कापत बसत नसत, वहीच खिडकीतून बाहेर फेकत. त्यामुळे खिडकीखाली वह्या झेलायला नेहमी दोनचार मुलींच्या आया उभ्या असायच्या.

यंदा मात्र सुहासिनी मॅडम आल्या होत्या, यवतमाळहून रोज एसटीनं. त्यांनी वर्गाला सांगितलं, "प्रत्येकीनं घरातल्या एका गोष्टीचं सात दिवस निरीक्षण करायचं. स्वतः. उतरवलेलं चालणार नाही." वर्गावर शोककळा पसरली.

ममताला विषय शोधावा लागला नाही. तो रोज पाचच्या सुमारास पाठीवर पंप घेऊन घरी येत असे.

तिचा बाप धर्मपाल लोकांच्या शेतात मजुरीनं फवारणी करायचा. दोन हजार सतराचा भादवा होता. त्या साली पराटी अशी माजली की कपाशीचं झाड माणसाच्या डोक्यावर गेलं. फवारा वर मारावा लागे, आणि वर मारलेलं खाली येतं, हे समजायला प्रयोगशाळा उघडायची गरज नव्हती. पोळा होऊन पंधरा दिवस झाले असतील. एक दिवस धर्मपाल आला, खाटेवर टेकला आणि म्हणाला, "दिवा लाव व माय. अंधारून आलं."

अंगणात लख्ख ऊन होतं.

"डोये फुटले काय तुमचे?" कांताबाई चुलीपाशी हसली. "पापड वाळत घातले अजून बाहेर!"

तोही हसला. ममता हसली नाही. तिनं जवळ जाऊन पाहिलं, तर बापाच्या डोळ्यांतल्या काळ्या बाहुल्या आक्रसून गेल्या होत्या, कोणी आतून दोरी ओढून घट्ट केल्यासारख्या.

मोजायचं कशानं? तिनं पुठ्ठ्यावर डिंकानं दाणे चिकटवले : खसखस, मोहरी, ज्वारी, तूर. खसखस शेजारून मागून आणली. पुठ्ठा डोळ्याशेजारी धरायचा आणि बाहुली कोणत्या दाण्याएवढी ते लिहायचं. आईची ज्वारी आली. तिची स्वतःची आरशात ज्वारीच. बापाची मोहरी.

धर्मपालला याचा असा आनंद झाला की विचारू नका. रोज आल्यावर फोटो काढायला बसावं तसा तो ताठ बसे. चावडीवर सांगे, "माई पोरगी शास्त्रज्ञ होऊन राह्यली. माया डोयात तिचा प्रयोग आहे."

"तुया डोयात? डोक्यात काही सापडलं नसन!" लोक म्हणत.

ममता बाकीचंही लिहून घेई. तीन डब्यांतलं औषध एकाच ड्रममध्ये, आणि ढवळायला उघडा हात. का, तर "हातानं ढवळल्याबिगर फेस येत नाही, आन् फेसाबिगर अळी मरत नाही." रिकाम्या डब्यांवरची लेबलं सोलून तिनं वहीत चिकटवली. प्रत्येकावर लाल चौकोनात कवटी होती. हे चित्र कोणासाठी, असं तिनं विचारलं. धर्मपाल थोडा विचार करून म्हणाला, "अळीसाठी असन."

तिसऱ्या दिवशी मोहरी. चौथ्या दिवशी मोहरी, शिवाय जेवलेलं सगळं उलटून पडलं. ऊन लागलं, असं ठरलं. पाचव्या दिवशी मोहरीपेक्षा लहान, आणि बिडी दोनदा बोटांतून गळाली. ममतानं तेही लिहिलं. बिडी गळण्याला रकाना नव्हता, म्हणून समासात लिहिलं.

सहाव्या दिवशी सकाळी शाळेत पाहणी झाली. देवीलालजी प्रत्येकीच्या बाकापाशी थांबत होते. ममताची वही त्यांनी शांतपणे शेवटपर्यंत वाचली. माणूस गोड होता.

"बेटी, ज्वालामुखी काहून नाही केला? खाण्याचा सोडा, लाल रंग. पाहाले किती छान दिसते!"

ते पुढे गेल्यावर यज्ञेश्वर सरांनी खिशातलं पेन काढलं आणि वहीत 'अनुमान' या शब्दापुढे सुंदर अक्षरात लिहिलं : 'औषध सुरक्षित आहे.'

"आता याला जुळतील अशी निरीक्षणं वर लिही," ते मायेनं म्हणाले. "प्रश्न विचारावेत, बेटा. पण उत्तर ठरलेले विचारावेत."

सुहासिनी मॅडम भिंतीपाशी उभ्या होत्या. सर गेल्यावर त्यांनी पाचही रकाने वाचले आणि त्यांचा आवाज एकदम खाली गेला. "ममता, प्रयोग बंद. आज घरी जा आणि बाबांना सांग, उद्यापासून फवारणीला जायचं नाही. समजलं?"

त्या संध्याकाळी बाहुली खसखशीएवढी होती. तोंडातून लाळ गळत होती आणि तो ती लाजून बाहीनं पुसत होता.

"बाबा, उद्या जाऊ नका."

"नाही जात," तो म्हणाला. "आंगच नाही उचलत."

ममता निर्धास्त झाली. तेवढी एकच चूक तिनं केली.

सकाळी ती हापशीवरून पाणी घेऊन आली, तर खाट रिकामी होती आणि खुंटीवरचा पंप नव्हता.

"गेले," कांताबाई म्हणाली. तिच्या हातातली भाकर तव्यावर करपत होती. "म्या म्हटलं, काहून जाता? तं म्हन्तात, पोरीचा सातवा रकाना खाली राहीन. थो सर वही फेकून देते म्हणे. सहा दिवसाची मेहनत आहे पोरीची."

ममतानं घागर ठेवली की टाकली ते तिला आठवत नाही. वही दप्तरातून ओढली आणि धावत सुटली. मागून आई.

शेतात शिरल्यावर काही दिसेना. चारी बाजूंनी पराटी उभी, वर आभाळाची पट्टी, आणि तो वास. पंपाच्या इंजिनाचा आवाज तेवढा येत होता, कधी डावीकडून, कधी मागून. ती हाका मारत गेली. आवाजाच्या दिशेनं जात राहिलं की सापडेल, असा हिशेब तिनं केला. हिशेब बरोबर होता. पण मग आवाज बंद झाला.

कपाशीचं पान हललं नाही. कांताबाई कुठेतरी दूर "ऐकता काय?" म्हणत होती, घरात हाक मारावी तसं.

धर्मपाल दोन ओळींमधल्या तासात बसलेला सापडला. पंप पाठीलाच होता. तोंडाला फेस होता. पोरगी दिसताच त्यानं डोळे ताणून मोठे केले, तिला मोजता यावं म्हणून.

काळीपिवळी जीपमध्ये घालून त्याला यवतमाळला नेलं. दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, "काय मारत होते?"

"औषध," कांताबाई म्हणाली.

"कोणतं? सकाळपासून हा नववा माणूस. सगळे औषधच सांगतात."

ममतानं वही पुढे केली. डॉक्टरांनी लेबलं वाचली, मग रकाने, मग समास. पान उलटून ते 'औषध सुरक्षित आहे' पाशी आले. पुन्हा खाटेवर पाहिलं.

"हे कोणी लिहिलं?"

"सरांनी."

 डॉक्टरांनी नर्सला हाक मारली आणि मग दोन दिवस कोणी ममताशी फारसं बोललं नाही. इंजेक्शनांमागून इंजेक्शनं चालली होती. खाटा संपल्या, माणसं खाली गाद्यांवर आली, गाद्या संपल्या. येणारा प्रत्येकजण दारातून आत येताना विचारी, इथं एवढा अंधार कसा. तिकडे शाळेत ढाल ज्वालामुखीला मिळाली.

तिसऱ्या दिवशी सकाळी धर्मपालनं डोळे उघडले. इंजेक्शनांनी बाहुल्या आता तुरीच्या दाण्याहून मोठ्या झाल्या होत्या. डॉक्टर वाकून म्हणाले, "काका, मुलीच्या वहीनं वाचलात. हिला अकरावीला विज्ञानच द्या. फॉर्म भरायला मी मदत करतो."

ममतानं बापाचा हात घट्ट धरला. "घेऊ नं, बाबा? सायन्स?"

सगळा वॉर्ड कण्हायचा थांबल्यासारखा झाला. धर्मपालचे ओठ हलले. कांताबाई वाकली, डॉक्टर वाकले, नर्सही वाकली.

"ममता," तो म्हणाला, "मले काही दिसून नाही राह्यलं. खाटंखाली माई चप्पल आहे का पाह्य बरं, माय. नवी आहे."