पहिल्या लॉटचं इंजिन

लग्नाची मुलगी बघतानासुद्धा माणसं एवढ्या शंका काढत नाहीत. जुळे सोलापुरातल्या आमच्या फ्लॅटात दोन रविवार झाले, एका इंजिनावर खल चाललाय, आणि तेही वीतभर लांबीच्या, खेळण्यातल्या. खेळण्यातलं म्हटलं की तिघंही असं बघतात की मी देवालाच नावं ठेवली. मॉडेल म्हणायचं, बरं का. म्हणते बाई, माझं काय जातंय.

तिघं म्हणजे आमचे हे, सोमलिंग, पॉलिटेक्निकमध्ये शिकवून रिटायर झालेले; शुक्रवार पेठेत भांड्यांचं दुकान असलेले गुरुशांत भाऊजी; आणि विम्याच्या ऑफिसात नोकरी करणारी साक्षी, वयानं माझ्या लेकीसारखी आणि जिभेनं माझ्या सासूसारखी. मागच्या खोलीतला पलंग काढून ह्यांनी तिथं भलं मोठं टेबल मांडलंय. त्यावर रूळ, बोगदा, स्टेशन, सगळं. पाहुणे आले की हॉलमध्ये झोपतात.

तर कुठल्याशा नव्या कंपनीनं जाहीर केलं, आपल्याकडच्या जुन्या डिझेल इंजिनाचं स्वस्तातलं मॉडेल काढतोय म्हणून. आजवर असली चीज म्हणजे परदेशाची, आवाक्याबाहेरची. पण हे बाजारात यायच्या आधी बुक करायचं. पहिला लॉट लहान, बुकिंग ह्या रविवारी संध्याकाळी बंद. माल कुणी डोळ्यांनी बघितलेला नाही, नुसते फोटो.

भाऊजी म्हणाले, घेऊन टाकू. साक्षी म्हणाली, पहिल्या लॉटचं कधी घेऊ नये, आधी दुसऱ्यांचे हात भाजू द्यावेत. ह्यांनी एवढंच विचारलं, हातात कधी मिळणार? दिवाळीच्या मागंपुढं, भाऊजी म्हणाले. त्यावर ह्यांनी मान हलवली. नको. आणि ह्यांच्यातला नियम असा की टेबल एकच, म्हणून एकानं जरी मान हलवली तरी इंजिन यायचं नाही.

मग सुरू झालं. हे म्हणाले, स्वस्तातलं आहे, आतली चाकं प्लास्टिकची असणार, महिन्यात दात झिजतील. साक्षीनं कंपनीला लिहून विचारलं, तर त्यांनी पितळी चाकांचा व्हिडिओच पाठवला. हे म्हणाले, आपलं बोगद्याजवळचं वळण लई आवळ आहे, एवढं लांब इंजिन वळायचं नाही. भाऊजी भर दुपारी दुकान बंद करून आले, इंजिनाच्या मापाचा पुठ्ठा कापला आणि टेबलावरून ढकलत सगळीकडून फिरवून दाखवला. वळलं की. मग ह्यांनी रंगाला नाव ठेवलं. तर साक्षीनं तसल्याच निळ्या रंगाच्या खऱ्या इंजिनाचा जुना फोटो शोधून आणला. ह्या सगळ्या खटपटीत ती स्वतःच घ्यायच्या बाजूची झाली. भाऊजींपेक्षा तिलाच घाई सुटली.

गंमत म्हणजे एकेक शंका मिटत गेली तसा ह्यांचा चेहरा उतरत गेला. त्या दोघांना वाटलं, सर परीक्षा घ्यायलेत. हुशार आहेत दोघंही, पण ह्या लोकांची एक खोड आहे. माणूस नको म्हणाला की कुठला तरी पार्ट खराब असणार, एवढंच त्यांना सुचतं. माणसाकडे बघायचं सुचत नाही.

मला तरी कुठं सुचलं? माझा जीव दुसरीकडेच टांगलेला. पुढच्या महिन्यात ह्यांच्या हृदयाची झडप बदलायचीय. घाबरायचं कारण नाही, असं डॉक्टर म्हणाले आणि त्या दिवसापासून मी घाबरलेय. ह्यांना भाकरी अर्धीच जाते. परवा मला बसवून फोनवरून गॅस कसा बुक करायचा ते शिकवलं. इन्व्हर्टरमध्ये पाणी कुठून घालायचं ते दाखवलं. मी खेकसले, मला कशाला दाखवताय, तुमी हायत की. हे इन्व्हर्टरचं झाकण लावून हात पुसत उठले.

रविवारी दुपारी कूलर घरघरत होता, तरी घामाच्या धारा. हे म्हणाले, नवी कंपनी आहे, दिवाळीच्या आत गाशा गुंडाळला तर? साक्षीनं तेही विचारून ठेवलेलं. पैसे परत मिळणार, लेखी आहे. हे उठले आणि पाणी प्यायला म्हणून स्वयंपाकघरात आले.

मी चहाचं आधण ठेवत होते. म्हटलं, अहो, घ्या की, एवढं काय ताणून धरलंय? लहान मुलासारखं आवडलंय तुम्हाला, मला दिसत नाही का?

ह्यांना मराठीचं बळ उरलं नाही की हे कानडीवर येतात.

"ब्याड, लीला," म्हणाले. "दिवाळीगे ना इरतीनो इल्लो."

नको. दिवाळीला मी असेन की नसेन.

मग हळूच, बाहेर ऐकू जाऊ नये म्हणून अगदी हळू, म्हणाले, "पार्सलचा डबा येईल आणि मी नसलो, तर तू तो कुठं ठेवशील? ती दोघं येतील, उघडायचा का नाही म्हणून तुझ्या तोंडाकडं बघत बसतील. ते नको मला."

राग आला, असा राग आला म्हणून सांगू. दोन आठवडे चाकं, वळण, रंग, आणि हा माणूस एकटा छातीत दिवाळी घेऊन हिंडतोय. रडले असते, पण मी रडले तर ह्यांना वाटलं असतं, हिलाही तसंच वाटतंय. गॅस बंद केला आणि तशीच बाहेर गेले.

"साक्षी, बुक कर."

तिनं ह्यांच्याकडे बघितलं. हे स्वयंपाकघराच्या दारात उभे होते. ह्यांनी मान हलवली नाही. होकाराचीही नाही, नकाराचीही नाही. तेवढं मला पुरे होतं.

भाऊजी म्हणाले, वहिनी, पत्ता माझ्या दुकानाचा देऊ, तिथं दिवसभर कुणी ना कुणी असतं.

"नाही," मी म्हटलं. "नाव ह्यांचं, पत्ता हितला. आणि फोन नंबर ह्यांचाच घाल, माझा नको. तो डबा आणणारा फोनवर आलेला नंबर विचारतो की नाही? तो ह्यांनीच सांगायचा. मी न्हाई सांगणार. त्यांना घरात असायलाच लागंल."

भाऊजी हसले, वहिनी लई कडक म्हणून. साक्षी हसली नाही. तिनं एकदा माझ्याकडे बघितलं, एकदा ह्यांच्याकडे, आणि फोनवर बोटं ठेवून वाट बघत बसली.

हे आले, तिच्याशेजारी बसले, खिशातून चष्मा काढून घातला. एकेक आकडा सांगायला लागले. मध्येच चुकले, चष्मा पुसला आणि नंबर परत पहिल्यापासून सांगितला.

साक्षीनं नंबर वाचून दाखवला.

"बरोबर," हे म्हणाले. "फोन आला की मी उचलतो."